मॅचच्या दिवशी बेल वाजवत नाहीत

जानेवारीत शाळेत परत रुजू व्हायचं ठरलं तेव्हा माझ्यापुढे एकच प्रश्न होता आणि तो मी कोणाला विचारू शकत नव्हते. आउनेला तिच्या बापाजवळ एकटं ठेवता येईल का?

विचारला असता तर लोक हसले असते. जो माणूस गोळीसारखी येणारी रबराची चकती नुसत्या हातमोज्यात झेलतो, त्याच्या हातून पोर पडेल होय? शिवाय माझी ख्याती तशीही चांगली नव्हती. आउनेला शिंक आली की मी आरोग्यकेंद्रात फोन लावते, ती झोपली की नाकाखाली बोट धरून बघते, हे आमच्या अख्ख्या इमारतीला ठाऊक. माझी आईच म्हणायची, "सैला, भूगोल शिकवतेस ना तू? मग जग एवढ्यात बुडत नाही हे तुला माहीत असायला हवं."

इल्मो, माझा नवरा, बर्फावरच्या हॉकीचा गोलकीपर झाला तो मोठ्या भावामुळे. त्यांच्या वडिलांनी हिवाळ्यात अंगणात पाणी सोडून बर्फ गोठवला. भावाला स्टिक मिळाली, चकती मिळाली, पण मारायची कोणावर? चार वर्षांच्या इल्मोच्या पायांना सोफ्याच्या उशा पट्ट्यांनी बांधल्या आणि त्याला उभं केलं. तेव्हापासून तो उभाच आहे. सोळाव्या वर्षी घर सोडलं. मग खालच्या लीगमधले संघ, रात्र रात्र बसचे प्रवास, एक हिवाळा डेन्मार्कात, दोन स्लोव्हाकियात, आणि शेवटी आमच्या या तळ्याकाठच्या गावात. राष्ट्रीय संघाकडून आयुष्यात एकदाच बोलावणं आलं, दुसऱ्या कोणाच्या मांडीचा स्नायू ताणला म्हणून. सामना बाकावर बसून पाहिला आणि परत आला. ती जर्सी मात्र तो धुऊ देत नाही. चौतिशीत होता. वसंतात करार संपणार होता आणि पुढचा मिळेल की नाही हे त्या हिवाळ्यावर होतं.

मॅचच्या दिवशी गोलकीपरशी बोलायचं नसतं. इतर खेळाडूंची खुशाल टिंगल करा, पाठीवर थापा मारा, गोलकीपरला सोडा. हे हॉलमध्ये जसं, तसंच घरी. सकाळी मी ओटची लापशी पुढ्यात ठेवायची, त्याने खायची. सरावाहून आला की फोन बंद करून दुपारी झोपायचं, नाहीतर खिडकीशी बसून रहायचं. आमचं गाव एवढंसं, सगळे जपतात. वरच्या मजल्यावरचे त्या दिवशी खुर्च्या सरकवत नाहीत. दुकानातली मुलगी त्याच्या हातात काळा पाव देते आणि मान खाली घालते. बेल तर कोणी वाजवतच नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला याचा अभिमानच वाटायचा. आपल्या घराला सगळं गाव चवड्यांवर चालत जपतंय, असं.

ऑगस्टमध्ये ताउनोच्या लाकडी घरी चिंगाट्यांची मेजवानी झाली. ताउनो म्हणजे गोलकीपरांचा प्रशिक्षक. स्वतः वीस वर्षं गोलात उभा राहिलेला, मास्क पुठ्ठ्यासारखे होते त्या काळात. सगळ्यांना 'पोरा' नि 'पोरी' म्हणतो, संघाच्या अध्यक्षालासुद्धा. टेबलावर लाल चिंगाट्यांचा ढीग, बडीशेपेसारख्या वासाचा पाला, आणि बोलणं चाललेलं नुकत्याच झालेल्या टेस्टवर. दर मोसमाआधी खेळाडूंना संगणकासमोर बसवून मेंदूची तपासणी करतात. शब्द लक्षात ठेवा, रंग बदलला की बटण दाबा, असलं काहीतरी.

"मी ना, लाल दिसलं की आधी मनात आजीचं नाव घ्यायचो," वेली म्हणाला. हा आमचा दुसरा गोलकीपर; तिशीचा, गुबगुबीत, कायम बाकावर. "मग आजोबांचं. मग बटण."

"तुला मुद्दाम करायची काय गरज होती?" इल्मो म्हणाला. "नेहमीसारखं दिलं असतंस तरी चाललं असतं."

सगळे खिदळले. ताउनोने चिंगाटीचं डोकं मोडून चोखलं. "हसू नका रे. ऑगस्टात जो शहाणा, तो नोव्हेंबरात घरी. डोक्याला लागलं की हीच टेस्ट पुन्हा घेतात आणि दोन्ही शेजारी ठेवतात. ऑगस्टचा आकडा बुटका ठेवा, म्हणजे नंतर घसरला तरी कोणाला दिसत नाही."

"आणि खरंच लागलं असेल तर?" मी विचारलं. आउने माझ्या मांडीवर होती.

"तर काय, पोरी? मास्क असतो की."

पुन्हा हसले. त्यात लपवण्यासारखं कोणाला काही वाटलं नाही. पाऊस येणार म्हणून कपडे आत घ्यावेत, तसं ते सगळे ऑगस्टमध्ये मठ्ठ होत होते.

नोव्हेंबरात लागलं. मी आउनेला कानावर जाड टोपी घालून, मांडीवर घेऊन नेहमीच्या जागी बसले होते. निळ्या रेषेजवळून कोणीतरी फटका मारला आणि चकती सरळ मास्कच्या कपाळावर बसली. आवाज वेगळाच आला, बंद दारावर कोणी हातोडी मारावी तसा. इल्मो गुडघ्यांवर बसला. मग उठला, स्टिक धरलेला हात उंच केला, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या मध्यंतरानंतर संघांनी बाजू बदलल्या. म्हणजे दहा खेळाडूंनी आणि पाहुण्यांच्या गोलकीपरने. आमचा आधीच्याच गोलाकडे गेला. तिथे पोचला, पाय घासून बर्फ खरवडायला लागला, आणि समोरचा गोलकीपर मागे येऊन उभा राहिला तरी त्याला कळेना. अख्खा हॉल हसला.

"पाहुण्यांकडे जेवायला चाललायस काय रे?" माझ्यामागचा म्हातारा ओरडला.

इल्मोने मास्क वर केला, कमरेत वाकून नमस्कार केला आणि आपल्या गोलाकडे गेला. आणखी हशा. मी बघत होते ते दुसरंच. गोल त्याच्या पाठीशी असतो, तो वळून बघत नाही. स्टिकने डावा खांब ठोकतो, उजवा ठोकतो, आणि मधे आपण कुठे आहोत ते त्याला कळतं. इतकी वर्षं डावा एकदा, उजवा एकदा. त्या दिवशी त्याने डावा ठोकला, उजवा ठोकला, परत डावा, परत उजवा, आणि तरी मान वळवून मागे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी टेस्ट झाली. मीही गेले. संघाच्या डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला. "बघा. ऑगस्टसारखंच. केसाचाही फरक नाही." दाराशी ताउनो हाताची घडी घालून उभा होता, समाधानाने.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "ऑगस्टमध्ये तू मुद्दाम मठ्ठ झाला होतास."

"हं."

"आता तेवढंच आलं. मुद्दाम न करता."

तो काचेवरचं धुकं पुसत राहिला. मग म्हणाला, "डोकं शाबूत आहे गं. चल, गाडी कुठे लावलीये ते आठवतंय मला, उगाच घाबरू नकोस."

आम्ही गाडीतच बसलो होतो. मी त्याच्याकडे पाहिलं. तो हसला, मीही हसले. थट्टाच असेल म्हटलं. पण हसण्याआधी तो जरा थांबला होता.

मी डॉक्टरांना फोन केला, ऑगस्टचं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "हे दर वर्षी दर खेळाडूच्या बायकोला वाटतं. इल्मोने स्वतः येऊन सांगू दे, की तेव्हाचं खोटं होतं. त्याच क्षणी थांबवतो त्याला. तुमच्या सांगण्यावरून नाही थांबवता येणार."

इल्मोला सांगितलं तर तो म्हणाला, "हा एकच हिवाळा, सैला." रागावलाही नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

घरात तो बदलत होता, पण इतकं बारीक की माझ्यासारखीलाच दिसावं. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना उंबऱ्याशी थांबायचा, डाव्या टाचेने चौकट ठोकायचा, मग उजव्या टाचेने, मग पुढे जायचा. कॉफीचा डबा फ्रीजमध्ये, लोणी कपाटात. आउनेला मात्र छान सांभाळायचा. तासन् तास पाठीवर निजून तिला पोटावर घ्यायचा आणि ती त्याच्या दाढीतून बोटं फिरवायची. ती बोटं मला अजून दिसतात.

म्हणून मी मधला मार्ग काढला. इतर दिवशी सकाळी सराव आटोपून तो घरी येईल, तेव्हा मी शाळेत निघेन. मॅचच्या दिवशी मात्र समोरच्या इमारतीतल्या केर्तू दुपारभर येऊन बसतील. केर्तू निवृत्त शिवणशिक्षिका, सत्तरीच्या, आउनेसाठी मोजे विणायच्या. जानेवारी असाच गेला. मी शाळेतून धावत यायचे, आउने हसायची, आणि आई फोनवर म्हणायची, "बघ, म्हटलं नव्हतं?"

फेब्रुवारीत केर्तूंचा गुडघा सुजला. मॅचच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी कळवलं, की सकाळी दवाखान्यात जायचंय, दुपारपर्यंत परतेन, पण तुमचे तीन जिने काही चढवणार नाहीत.

"मी आहे ना," इल्मो म्हणाला.

"उद्या मॅच आहे."

"मग? ती बाहेर झोपेल, मी आत बसेन."

आमच्याकडे तान्ही मुलं दुपारी बाहेरच झोपतात, बाबागाडीत, मेंढीच्या कातड्याच्या पिशवीत, थंडी असली तरी. मीही तशीच झोपले, इल्मोही.

"तू झोपायचं नाहीस," मी म्हटलं.

"नाही झोपणार."

"आवाजाचं यंत्र टेबलावर ठेवायचं. रडली की लगेच आत."

"सैला, बाप आहे मी तिचा. बदली गोलकीपर नाही."

मी हसले. सुट्टी मागायचा विचार आला होता. पण काय कारण सांगणार? माझा नवरा मुलीला सांभाळणार आहे, हे?

सकाळी तो काही बोलला नाही, मीही बोलले नाही. बारा वाजायच्या सुमाराला मी आउनेला पिशवीत घालून बाबागाडी अंगणात, आमच्या खिडकीखाली लावली, वर येऊन, गाडीतला आवाज आत ऐकवणारं ते यंत्र त्याच्यासमोर ठेवलं, बोटाने दाखवलं. त्याने मान हलवली. बाहेर उणे अठरा होतं आणि आकाश स्वच्छ होतं.

पहिल्याच तासाला बर्फ पडायला लागला. दुसऱ्या तासाला मी नववीच्या मुलांना नद्यांची मुखं शिकवत होते. तेवढ्यात कार्यालयातून बोलावणं आलं, फोन आहे.

केर्तू होत्या. फोनवरही कुजबुजत होत्या. "सैला, तुमच्या बाबागाडीवर बर्फ साचलाय गं. मी आले तेव्हा रडत होती, बरीच रडली. आता गप्प आहे. झोपली असेल. पण गाडी कोणी आत नेली नाही."

"इल्मो कुठे आहे?"

"घरीच आहे की. खिडकीत बसलेला दिसतोय मला."

"केर्तू, बेल वाजवा! खालचीच दाबा, दाबत रहा!"

त्या म्हणाल्या, भर चर्चमध्ये मी त्यांना शिट्टी मारायला सांगितल्यासारख्या, "अगं, आज मॅच आहे ना. म्हणून तर तुला केला फोन."

शाळेपासून घरापर्यंत कशी आले ते सांगता येणार नाही. कोट शाळेतच राहिला होता. अंगणात पोचले तेव्हा केर्तू कुबडी टेकत त्यांच्या दारातून बाहेर येत होत्या. गाडीच्या झाकणावर चार बोटं बर्फ होता. मी तो दोन्ही हातांनी उडवला. आउने जागी होती. डोळे उघडे, पापण्यांवर पाणी गोठलेलं, आवाज नाही. माझ्याकडे पाहिलं, पण हसली नाही, रडलीही नाही. रडता रडता तिने पिशवीतून डावा हात बाहेर काढला होता आणि हातमोजा कुठे पडला होता कोण जाणे. बोटांची टोकं मेणबत्तीसारखी पांढरी होती.

तिला कपड्यांच्या आत, पोटाशी धरून जिना चढले. दार उघडंच होतं. इल्मो खिडकीतल्या टेबलाशी बसला होता, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. समोर यंत्र, त्याचा दिवा लुकलुकत होता, आवाज अगदी कमी केलेला.

"इल्मो!"

त्याने वळून पाहिलं. मॅचच्या दिवशी मी बोलले याचंच आधी त्याला नवल वाटलं. मग हळू आवाजात म्हणाला, "कोणाचं तरी बाळ रडत होतं गं मघापासून. आई कुठे गेली होती काय की. आता थांबलं."

मी किंचाळले असेन. त्याने आउनेला पाहिलं, तिचा हात पाहिला, आणि पुढचं सगळं झटक्यात केलं. तो हात चोळू दिला नाही मला, आपल्या काखेत धरला. ब्लँकेट आणलं, माझा दुसरा कोट आणला, गाडीची चावी आणली. गाडी नीट चालवली. त्या दहा मिनिटांत तो पूर्ण इल्मो होता, ओठ पांढरे पडलेला, पण इल्मो. मला वाटलं, आता हा स्वतःच सांगेल.

आरोग्यकेंद्रात परिचारिकेने त्याला ओळखलं आणि नजर खाली केली. सगळं मला विचारलं. किती वेळ बाहेर होती? मला माहीत नव्हतं. हातमोजा कधी निघाला? मला माहीत नव्हतं. डॉक्टरीणबाईही माझ्याशीच बोलल्या. आत जो काही वेळ गेला त्यात बापाला कोणी एक शब्द विचारला नाही. आज संध्याकाळी त्याला उभं रहायचं होतं ना. तो भिंतीशी बसला होता, आउनेची टोपी हातात घेऊन. अंगात ऊब आल्यावर आउने रडायला लागली आणि मला पहिल्यांदा श्वास आला. बोटं कोमट पाण्यात धरली तेव्हा ती जे रडली ते मात्र ऐकवत नव्हतं.

"दोन बोटांच्या टोकांचं आत्ता सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या. "फोड येतील. मग बघू, किती राहतं."

मी वळले तर इल्मोची खुर्ची रिकामी होती. टोपी नीट घडी घालून खुर्चीवर ठेवलेली.

संध्याकाळी आम्हाला सोडलं. घरी जायची टॅक्सी मी बोलावली आणि आत बसल्यावर हॉलचं नाव सांगितलं.

"बाळाला घेऊन मॅचला?" चालक आरशातून म्हणाला. "शाब्बास! आज इल्मो भिंत बांधणार बघा."

खेळाडूंच्या खोलीपर्यंत जाणाऱ्या बोळात बायका मॅचआधी कधी जात नाहीत. ओल्या चामड्याचा वास, कॉफीचा वास, आत कोणीतरी गाणं लावलेलं. दाराबाहेर ताउनो होता. त्याने दोन्ही हात पसरले, गोलात उभा रहायचा तसे.

"पोरी, पोरी. उद्या."

"मला इल्मोशी बोलायचंय. आत्ता."

"आज मॅच आहे."

"त्याला काही आठवत नाही, ताउनो. आउने बाहेर गोठत होती आणि तो समोर बसून ऐकत होता."

"थकला असेल. मोसम मोठा असतो. टेस्ट पाहिलीस ना तू? ऑगस्टसारखीच आहे."

"ऑगस्टला मठ्ठ व्हा म्हणून तुम्हीच सांगितलंत."

"मी सगळ्यांनाच सांगतो. मलाही माझ्या प्रशिक्षकाने सांगितलं होतं. काय झालं मला? बघ, उभा आहे ना धडधाकट?"

मी त्याच्याकडे पाहिलं. माझ्या लग्नात नाचलेला माणूस. सहा वर्षं दर ख्रिसमसला आमच्याकडे जेवणारा.

"ताउनो, माझं नाव काय?"

"म्हणजे काय?"

"नाव सांगा माझं."

त्याने तोंड उघडलं. हसला. माझ्या चेहऱ्यावरून त्याची नजर फिरली, आउनेवर गेली, परत माझ्यावर आली, घरात ठेवलेली एखादी वस्तू शोधावी तशी. हसू राहिलं, डोळे मात्र घाबरले.

"पोरी..." तो म्हणाला, आणि हात खाली घेतले.

मी आत गेले. गाणं कोणीतरी बंद केलं. सगळे अर्धवट कपड्यांत, आणि सगळे माझ्याकडे न बघता बुटांच्या नाड्यांकडे बघायला लागले. संघाचे डॉक्टर कोपऱ्यात कोणाच्या मनगटाला पट्टी गुंडाळत होते. इल्मो आपल्या जागी बसला होता. डावा पॅड बांधून झालेला, उजवा मांडीवर. आधी डावा, मग उजवा, नेहमीचंच.

"इल्मो, आउने कुठे आहे?"

आउने माझ्या कोटात होती, ब्लँकेटात गुंडाळलेली, नुसते केस दिसत होते. त्याने पाहिलंच नाही. माझ्या आवाजावर कपाळाला आठी आली, मग गेली. बिचारी काळजी करतेय, अशी नजर.

"झोपलीय गं," तो हळूच म्हणाला. "रडली तेव्हा लगेच आत आणली. गाजर भरवलं, दोन चमचे थुंकली. मग पोटावर घेतलं तशी झोपली. केर्तू बसल्यात तिच्याजवळ."

एकेक गोष्ट खरी होती. कुठल्या तरी दुसऱ्या दिवशीची.

मी ब्लँकेट बाजूला केलं. आउनेने डोळे उघडले आणि बापाला पाहून हात पुढे केला. डावा. पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळून तो केवढा मोठा झाला होता; चकती झेलायचा हातमोजा असतो ना, तेवढा.

इल्मो हसला. मग हसता हसता म्हणाला, "हाताला काय झालं तिच्या?"

 वेलीच्या हातातली बाटली खाली पडली आणि गडगडत बाकाखाली गेली.

मला उत्तर द्यावं लागलं नाही. तो माझा चेहरा वाचत गेला. इतकी वर्षं समोरच्याचा खांदा बघून चकती कुठे येणार ते ओळखायचं, हेच त्याचं काम. तेवढं अजून येत होतं त्याला. एकेक गोष्ट त्याच्यापर्यंत पोचत होती आणि त्याला अडवता येत नव्हती. अंगण. खिडकी. यंत्राचा दिवा.

"ते आपलं होतं," तो म्हणाला. "ते बाळ."

"हो."

 बाहेर लोक टाळ्यांनी ताल धरायला लागले होते. मग कोपऱ्याकडे न बघताच तो म्हणाला, "डॉक्टर, ऑगस्टमध्ये मी खोटं दिलं होतं. मुद्दाम हळू. आता मुद्दाम नाही."

डॉक्टरांनी हातातली पट्टी खाली ठेवली. इल्मोने वाकून डाव्या पॅडचा सर्वांत खालचा पट्टा सोडायला घेतला. पट्टा निघेना. वेली पुढे झाला, गुडघे टेकून बसला आणि एकेक पट्टा सोडून दिला. दारात ताउनो होता.

"वेली," इल्मोने त्याला सांगितलं, "उजवीकडचा खांब जरा सैल आहे. ठोकून बघ आधी."

त्या मॅचला आम्ही सात गोलांनी हरलो. गावात काही जणांनी मला अजून माफ केलेलं नाही.

वसंतात त्याला निरोप दिला. बर्फावर लाल गालिचा टाकला होता आणि तो साध्या बुटांत मधोमध उभा होता, आमच्याकडे निरोपाला मानाने देतात तो सुरा आणि फुलं हातात. लोक उभे राहून ओरडत होते. त्याला कोणत्या बाजूने बाहेर पडायचं ते कळेना, तेव्हा ताउनोने त्याच्या कोपराला धरलं. मग ते दोघेही थांबले, इकडे तिकडे बघत. शेवटी वेली जाऊन दोघांना घेऊन आला.

आउनेच्या अनामिकेचं टोक गेलं. करंगळी वाचली. ती चालायला लागली, बोलायला लागली, आणि त्या बोटाचं तिला काही नाही. इल्मोला आहे. दर काही दिवसांनी तो ते बोट हातात घेतो आणि विचारतो, आणि मी सांगते. मी खोटं सांगून पाहिलं एकदा, दारात सापडलं म्हणून. त्याने माझ्या खांद्याकडे पाहिलं आणि ओळखलं.

डॉक्टर म्हणतात, वाढणार नाही कदाचित. कदाचित वाढेल. शाळेतली माझी जागा दुसरीला दिली.

आज पुन्हा उणे पंधरा आहे आणि मॅच आहे. दुकानातून येताना पाहिलं, लोक वेलीला बघून मान खाली घालत होते. आउने आता बाबागाडीत जेमतेम मावते, पण दुपारी तिला बाहेरच झोप येते, आणि तिला बाहेर झोपवायचा हट्ट इल्मोचा आहे. मला ते मान्य नव्हतं. तेव्हा त्याने आपला उपाय काढला. तो आत येतच नाही. जाड कोट घालून गाडीशेजारी उभा राहतो, एक हात दांड्यावर, ती उठेपर्यंत. आत आलो तर विसरेन म्हणतो.

मी खिडकीशी उभी आहे. बर्फ पडायला लागलाय. त्याच्या टोपीवर, खांद्यांवर साचतोय, आणि तो झटकत नाही. गाडीवरचा मात्र झटकतो. मधूनच पायाने गाडीचं डावं चाक ठोकतो, मग उजवं. मग परत डावं. मग मान वळवून आत बघतो, कोण आहे गाडीत ते.